शिबिरात नेतृत्व शिकवतो पण कार्यकारिणीत पोरांना जागा नाही, काय करावं?

कोरडवाहू: लोकहो सल्ला हवाय. आमच्या तालुक्यातली जुनी संस्था, नाव सांगत नाही. पोरांची निवासी शिबिरं, अभ्यासिका, पोलीस भरतीची तयारी असं चालतं. मी त्याच शिबिरातून आलोय, पुढे आठ वर्षं स्वयंसेवक, आणि मागच्या वर्षी संस्था चालवणाऱ्या सरांनी घरी बोलवून सांगितलं की तुला कार्यकारिणीत घेतलंय, इथं सही कर. केली. एवढीच माझी निवडणूक. आता एका कंपनीचा सीएसआर (समाजकार्यासाठीचा निधी) मिळतोय असं दिसतंय, त्यांनी कागद मागितले तेव्हा कळलं की परिशिष्ट १ वर (धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा उतारा) अजून मूळचीच सात नावं आहेत, त्यातले दोघं वारले. सभांचं इतिवृत्त वर्षाचं एकदम लिहितात, सरांच्या ओट्यावर, चहा पीत. पैसे कुणी खाल्ले असं अजिबात नाही, उलट सरांनी पेन्शनमधले घातलेत. म्हणूनच बोलता येत नाही. विषय काढला की "विश्वास नाही का तुझा?"

ताळेबंद: मी धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातली कामं करतो. तू कागदावर कार्यकारिणीत नाहीसच. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत चेंज रिपोर्ट (बदल अर्ज) द्यावा लागतो, उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा. आधी जुने बदल क्रमाने घालायचे, मृत्यूचे दाखले लावून, मग तुझा, नाहीतर तुला निवडणारी सभा कुणी बोलावली इथंच गाडी अडते. आणि हो, मागच्या तारखा टाकून इतिवृत्त "बनवून" देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नको. आत्ता नुसता गबाळेपणा आहे, मग ते खोटे कागद होतील. सीएसआर-१ फॉर्म (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेची नोंदणी) भरलाय का? १ एप्रिल २०२१ पासून त्याच्याशिवाय कंपनी पैसे देऊच शकत नाही.

ओसरी: "विश्वास नाही का" ला उत्तर आमच्याकडे नियतीनेच दिलं. बँकेत सही फक्त अध्यक्षांची, ते अचानक गेले आणि खातं अडकलं, शिबिर तोंडावर, भाजीवाल्याची उधारी आम्ही चौघींनी घरून भागवली. म्हणून सरांना हिशोब मागायला जाऊ नको, एवढंच विचार की सर, तुमच्या मागे चेकवर सही कोण करणार. दुसरं, निवासी शिबिरात मुली असतात ना? तक्रार कुणाकडे करायची हे त्यांना पहिल्याच दिवशी सांगता का? लैंगिक त्रासाची गोष्ट कानावर आली तर पॉक्सोखाली (१८ वर्षांखालच्या मुलामुलींवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा कायदा) पोलिसांना कळवावंच लागतं, "कार्यकारिणीत बसून मिटवू" चालत नाही, आणि तुमच्या कार्यकारिणीत बाई आहे का एक तरी?

कोरडवाहू: सरांच्या मिसेस. सही करतात. पॉक्सोचं डोक्यातच नव्हतं, खरंच. मुख्य अडचण वेगळीय, सर म्हणतात पोरं अजून कच्ची आहेत. कच्ची म्हणजे तिशीची!

पायवाट: त्यांना सांग, १९४१ साली समाजवादी नेते एस. एम. जोशी राष्ट्र सेवा दल या तरुणांच्या संघटनेचे दलप्रमुख झाले तेव्हा ३६ वर्षांचे होते. 😀 थट्टा सोड, पण सगळे कार्यकारिणीवर घसरताहेत आणि सभासद रजिस्टर कुणी विचारलं नाही. कार्यकारिणी निवडतं कोण, तर सर्वसाधारण सभा, आणि सभेत मत कुणाला, तर सभासदाला. शिबिरातून गेलेल्या किती पोरांना रीतसर वर्गणी घेऊन, पावती फाडून सभासद केलंत? शून्य असणार. मग पोरांनी भिंती रंगवायच्या, सतरंज्या उचलायच्या, भाषणं ऐकायची, मत नाही. संस्थेची घटना (नियमावली) काढून वाच, सभासद व्हायची अट काय आहे बघ. तुमची संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली पण नोंदलेली असेल तर कलम १५ बघ, वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली तर मत देता येत नाही.

कोरडवाहू: अपडेट. रजिस्टर सापडलं, अभ्यासिकेच्या कपाटात कॅरमच्या सोंगट्यांखाली. वर्गणी वर्षाला ११ रुपये, घटनेत वयाची अट १८ पूर्ण, बाकी काही नाही. शेवटची पावती २००९ ची. म्हणजे कलम १५ लावलं तर खुद्द सरांनाच मत नाही. त्यांना दाखवलं तर आधी चष्मा पुसला, मग बराच वेळ पानं चाळत बसले आणि म्हणाले, नवीन पावती पुस्तक छापायला टाक. किती पानांचं टाकू विचारलं तर म्हणाले शंभरचं. @ताळेबंद काका, थकलेली वर्गणी एकदम भरून घेतली तर चालते का?