मदत हवी आहे: गाण्यातलं रूपक वर्गाला रूपक वाटतच नाही

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात नववीला इंग्रजी शिकवतो. 'लाइक' दिसलं की सिमिली (उपमा), एवढंच पोरांना फिगर्स ऑफ स्पीचमधलं (अलंकारांमधलं) पाठ. म्हणून यंदा गाण्यातून शिकवायचं ठरवलं आणि 'सिक्स्टीन टन्स' लावलं. अमेरिकेतल्या केंटकीच्या कोळसा खाणकामगारांचं गाणं. मर्ल ट्रॅव्हिसनं ते १९४६ साली रेकॉर्ड केलं, त्याचे वडील खाणीतच होते. गाजलं मात्र १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्डच्या आवाजात. चाल संथ, शब्द स्पष्ट, आपल्या पोरांना झेपेल असं.

आधी पार्श्वभूमी सांगितली. मजुरी बऱ्याचदा रोख मिळायची नाही, कंपनीची टोकनं मिळायची. ती चालायची कंपनीच्याच दुकानात, आणि तिथला भाव कंपनी ठरवणार. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्हणजे उचल, सर."

निम्म्या वर्गाचे आईबाप मुकादमाकडून आगाऊ पैसे, म्हणजे उचल, घेऊन ऊसतोडीला जातात. पुढचं मला सांगावंच लागलं नाही. गाण्यातल्या सोळा टन कोळशावर मात्र वाद झाला. (पोरांच्या भाषेत 'कोयता' म्हणजे ऊस तोडणारं जोडपं.) "आमचा कोयता दोघं मिळून दिवसाला दोन-अडीच टन तोडतोय, हा एकटा सोळा टन कसा भरंल?" अमेरिकन टन लहान, ९०७ किलोचा, तरी साडेचौदा टन होतात हे फळ्यावर मांडलं. ऊस तोडणं वेगळं, फावड्यानं कोळसा भरणं वेगळं, हेही सांगितलं. तरी पटलं नाही.

मग धृपद. सेंट पीटर, मला बोलावू नकोस, येता येणार नाही, माझा आत्मा दुकानाकडे गहाण आहे, असा त्याचा मतलब. सेंट पीटर म्हणजे मुकादम असं बहुतेकांनी धरलं होतं. स्वर्गाच्या दाराशी किल्ल्या घेऊन उभा असलेला संत, हे सांगितल्यावर हशा पिकला. पण 'आत्मा गहाण'पाशी गाडी अडली. मी म्हटलं, हे शब्दशः घ्यायचं नाही. एक मुलगी म्हणाली, "खरंच आहे की सर. माणूस मेला तरी उचल फिटत नाही, मागच्यांच्या अंगावर येती." यावर मी काय बोलणार? तिच्याशेजारचा एरवी बडबड्या पोरगा तास संपेपर्यंत खाली मान घालून बसला होता.

तर जाणकारांनो:

ज्या वर्गाला रूपक रोजच्या व्यवहारासारखं वाटतं, तिथे 'हे अलंकारिक आहे' हे कसं दाखवायचं? इंग्रजीत माणूस कर्जात खोल खोल जातो, आपण कर्जात बुडतो आणि वर कर्जाचा डोंगरही होतो, या तुलनेतून सुरुवात करावी असं डोक्यात आहे. कुणी असं केलंय का?

आणि दुसरं, त्या पोराशी एकट्याशी बोलू का? की विषय तिथेच सोडू? दिवाळीनंतर घरच्यांबरोबर ऊसतोडीला गेला तर तो वर्गात असेलच असं नाही, म्हणून घाई आहे.

ता.क. गाण्यात लोखंडी मुठीची बढाईही आहे. त्यावर पोरं इतकी खूश आहेत की हेडसरांनी मला बोलावून घेतलंय. त्यांना काय सांगू, तेही सुचवा.