स्किमरच्या हवेच्या नोझलमध्ये दर चार दिवसांनी मीठ धरतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, रत्नागिरीहून लिहितोय. चार फूट बाय दीड बाय दीडची खाऱ्या पाण्याची टाकी आहे, अडीचशे लिटरच्या आसपास, खाली संप (टाकीचं पाणी जिथे उतरतं ती छोटी टाकी) आणि संपमध्ये प्रोटीन स्किमर, म्हणजे बारीक बुडबुड्यांच्या फेसातून पाण्यातली घाण वरच्या कपात काढणारं यंत्र. टाकीत क्लाऊनफिशची जोडी आहे, चार वर्षं झाली तिला, शिवाय एक डॅमसेल आणि दोन क्लीनर श्रिंप. प्रवाळ ठेवत नाही, दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये येतात, त्यामुळे कुणी देतो म्हणाला तरी मी नकोच म्हणतो.

तर प्रॉब्लेम असा आहे की जूनपासून स्किमरच्या हवेच्या नोझलमध्ये, म्हणजे पंप जिथून हवा ओढतो त्या बारीक तोंडात, सारखं मीठ धरतंय. उन्हाळ्यात महिनाभर हात लावायला लागायचा नाही, आता चार-पाच दिवसांत चोक. आधी हवा ओढतानाचा सूं आवाज बारीक होतो, मग आतलं दुधासारखं पांढरं पाणी पातळ दिसायला लागतं, बुडबुडे मोठे होतात, फेस मानेपर्यंत चढतच नाही आणि कपात कोऱ्या चहासारखं जे पाणी जमायचं ते बंद. मागच्या मंगळवारी सकाळी बघतो तर क्लाऊनची मादी पाण्याच्या वरच्या थराला येऊन जोरजोरात कल्ले हलवत होती. पोटात धस्स झालं एकदम. हवेचा छोटा पंप लावला, स्किमर उघडला, तर नोझलच्या तोंडाशी तांदळाच्या कणीएवढा पांढरा खडा बसलेला आणि त्याच्या मागे नळीत बोटभर लांब मिठाची कांडी. अगरबत्तीच्या काडीने टोकरून काढला. शनिवारी परत तेच.

माझा संशय मिठावर आहे. एरवी ओळखीचे एक होडीवाले काका बाहेरून, खाडीच्या मुखापासून लांबचं पाणी आणून देतात. पण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ आणि नदीच्या पाण्याने फिकं झालेलं असतं, ते मी टाकीत घालत नाही. म्हणून जूनपासून पाकिटातलं मीठ आरओच्या पाण्यात कालवतोय, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं साधन) घनता १.०२५ ठेवतो. मीठ बदललं म्हणून असं होत असेल का? दुसरं म्हणजे पावसात हवा इतकी दमट असते की कपडे वाळत नाहीत, मग मीठ वाळतं कसं हेच कळत नाही मला.

अजून माहिती: आमच्याकडे पावसाळ्यात लाईट दिवसातून तीन-चार वेळा जाते, कधी दहा मिनिटं कधी दोन तास. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर (टाकीत पाणी फिरवणारा पंखा) आणि हवेचा पंप ठेवलाय, रिटर्न (संपमधलं पाणी वर टाकीत चढवणारा पंप) आणि स्किमर बंद पडतात. बाष्पीभवनाची भर गोड्या पाण्यानेच घालतो. प्लीज सांगा काय करू, हे मासे लहान असताना आणलेत हो मी, असे गमवायचे नाहीयेत.

प्रतिसाद, मालवणहून

दादा, पहिलं म्हणजे नोझलमध्ये काडी, पिन, सुई काही घालू नका. प्लॅस्टिकला ओरखडे पडले की मीठ तिथेच धरतं. कोमट पाणी पुरेसं आहे, कढत नको. आणि तो खडा टाकून दिला नसेल तर साध्या पाण्यात टाकून बघा, विरघळला तर मीठ. नाही विरघळला तर तो कॅल्शियमचा थर, त्याच्यावर व्हाइट व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतील. दोन्हीचा इलाज वेगळा. कॅल्शियम असेल तर पंप सोडवून, इम्पेलर (आतला फिरता पंखा) काढून निम्मं व्हिनेगर निम्मं पाणी अशात अर्धा तास ठेवा आणि स्वच्छ धुवा. धुतल्यावर एक-दोन दिवस फेस कमी येतो, घाबरू नका. आणि हाताला खोबरेल किंवा मासे तळलेलं तेल असताना स्किमरला हात लावू नका, तेलाचा अंश गेला तरी फेस बसतो.

प्रतिसाद, अलिबागहून

मिठाच्या पाकिटाला दोष देऊ नका. १.०२५ म्हणजे लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास मीठ, मग ते समुद्रातून आलेलं असो नाहीतर पाकिटातून, वाळल्यावर तेवढंच मागे उरणार. तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलंय, लाईट.

स्किमर चालू असताना पंप हवा ओढतो म्हणून नळी कोरडी राहते. पंप बंद पडला की संपमध्ये जेवढी पाण्याची पातळी तेवढं पाणी नळीत चढतं. त्यात तुमचा रिटर्न पण बंद होतो, म्हणजे वरच्या टाकीतलं थोडं पाणी संपमध्ये उतरतं, पातळी दोन-तीन इंच वाढते आणि नळीत पाणी अजून वर जातं. ती बोटभर कांडी म्हणताय ना, ती तिथेच बसते. लाईट आली की पंप ते पाणी ओढून घेतो पण आतून ओला थर राहतो आणि त्याच्यावरून सतत हवा जोरात जाते. बाहेर कपडे वाळत नसतील, पण बारीक नळीत वाहती हवा त्या पातळ थराला वाळवतेच. असं दिवसातून चार वेळा झालं की चार दिवसांत सोळा थर. उन्हाळ्यात तुमच्याकडे लाईट कमी जात असणार म्हणून तेव्हा त्रास नव्हता.

काय करायचं तर लाईट येऊन पंप चालू झाला की नळीचं वरचं टोक ग्लासभर कोमट आरओ पाण्यात बुडवायचं, पंप आपोआप ओढतो. एकदम नाही, दोन घोट ओढू द्या, बाहेर काढा, परत बुडवा. त्याच्या आधी कप रिकामा करा आणि स्किमरच्या आतली पाण्याची पातळी खाली आणा, कारण नोझल मोकळं झालं की फेस एकदम उसळतो आणि सगळी घाण परत संपमध्ये जाते, माझं एकदा झालंय. अडीचशे लिटरमध्ये ग्लासभर गोड्या पाण्याने खारटपणा बदलत नाही. लाईट गेली नाही तरी आठवड्यातून एकदा कराच.

नळीत वन-वे व्हॉल्व्ह बसवा असं कुणी सांगेल. मी बसवला होता, हवा कमी झाली आणि महिन्याभरात तोच मिठाने चिकटला. त्यापेक्षा स्किमर आणि रिटर्न दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकटा स्किमर घेऊ नका हां, रिटर्न बंद असताना पातळी वाढलेली असते, कप भरून वाहेल.

आणि एक, संपच्या कडेला, वायरींवर जे मीठ चढतं ते आत्ता पावसात नीट बघा. हवेत ७५ टक्क्यांच्या वर दमटपणा गेला की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच पाणी होतं. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा थर पावसात वायरीवरून ओघळत प्लगपर्यंत येतो. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब झोळातच गळतो. आरसीसीबी (करंट गळला की लाईट आपोआप तोडणारी स्विच) नसेल तर आधी ती बसवा, मासे नंतर.

धागाकर्ता, नऊ दिवसांनी

दोघांचे मनापासून आभार. खडा ठेवला होता, पाण्यात टाकला तर मिनिटभरात विरघळला, तळाला थोडी पांढरी पूड राहिली ती व्हिनेगरमध्ये फसफसली. म्हणजे बहुतेक मीठच, आणि लाईटचं मी वहीत लिहून ठेवलं: या नऊ दिवसांत सतरा वेळा गेली. प्रत्येक वेळी ग्लास लावला, रात्रीची गेली तर सकाळी उठल्या उठल्या. नळी आता आरपार दिसते, आवाज पहिल्यासारखा आणि कपात काळं पाणी परत जमतंय.

वायरी बघितल्या तर रिटर्नच्या प्लगखाली खरंच ओल होती, पिनेवर हिरवट गंज चढलेला. मेन बंद करून प्लग बदलला, झोळ दिले. इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय, आरसीसीबी आधी, मग रिटर्न आणि स्किमर इन्व्हर्टरवर. मादी खाली आपल्या कोपऱ्यात परतली आहे, काल हातातून खाल्लं तिने.