घरापुरतं रान: मराठवाड्यात ताटातलं सगळं शिवारातच पिकवावं का?

काळीभोर

मुद्दा सरळ मांडतो. पाच एकर कोरडवाहू रान असलेल्या घरानं दीड-दोन एकर घरच्या ताटासाठी राखावं, उरलेल्यात सोयाबीन करा नाहीतर कापूस. आज पाचही एकरांत सोयाबीन असतं, आणि घरात रिफाइंडचा डबा, पाकिटातली डाळ, रेशनचा गहू-तांदूळ. येळवसेच्या (वेळा अमावास्येच्या) भज्जीला हिरव्या शेंगा बाजारातून आणायची वेळ आली, यापुढं काय बोलावं!

पाच माणसांचा हिशेब घ्या. माणशी रोज तीन भाकरी, भाकरीला ८० ग्रॅम पीठ. दिवसाला सव्वा किलोच्या आत, वर्षाला ४३८ किलो. पैपाहुणा आणि बियाणं धरून पाच क्विंटल शाळू (रब्बी ज्वारी), म्हणजे मध्यम-भारी रानात एक एकर. डाळ माणशी ५० ग्रॅम धरली तर वर्षाला ९१ किलो, त्याला १३० किलो तूर लागते. ती सोयाबीनमध्ये चारास दोन ओळी घेतली की वेगळं रान लागत नाही. तेल माणशी २५ ग्रॅम, वर्षाला ४५ किलो. घाण्यावर क्विंटलभर करडईचं २२ ते २५ किलो तेल पडतं, म्हणजे दोन क्विंटल करडई, २० ते २५ गुंठे.

शाळूची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. त्यानंतर ओल खाली जाते आणि धाटं बोटाएवढीच राहतात. एकरी ४ किलो बी, दोन ओळींत ४५ सेंमी. काणी (कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी होणारा रोग) येऊ नये म्हणून बियाण्याच्या किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा. खोडमाशी पहिल्या महिन्यातच पोंगा (मधला कोवळा शेंडा) मारते, त्यासाठी थायामिथोक्झाम ३० एफएस हे कीटकनाशक बियाण्याच्या किलोला १० मिली. भारी रानात परभणी मोती, मध्यम रानात मालदांडी ही जात. विहिरीत पाणी असेल तर एकच पाळी द्या, पोटरीत (कणीस बाहेर पडण्याआधी) असताना, ५० ते ५५ दिवसांनी. नसेल तरी पीक हाताला लागतं, आणि या पिकाचं मोठेपण तेच.

रोकडा हिशेब

काळीभोर दादा, हिशेब छान मांडलात, पण एक रकाना कोरा सोडलात. शाळूचं रान पावसाळ्यात काय करतं? जुन्या पद्धतीत ते खरिपात पडीक असायचं. म्हणजे एक एकर शाळूची खरी किंमत एक एकर सोयाबीन.

२०२५-२६ चे हमीभाव बघा. क्विंटलला सोयाबीन ५३२८ रुपये, मालदांडी ज्वारी ३७४९. एकरी सहा क्विंटल सोयाबीनचे ३१,९६८ होतात, पाच क्विंटल ज्वारीचे १८,७४५. सोयाबीन विकून ज्वारी विकत आणली तरी पैसे उरतात. वर सोयाबीनच्या मागं हरभरा येतो तो वेगळाच.

आणि मजुरी? शाळू हातानं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं मोडायची, मग मळणी. सोयाबीनला हार्वेस्टर आला की तासाभरात रान मोकळं.

काळीभोर

पडीक कशाला ठेवायचं? मूग घ्या. जूनच्या मध्यावर पेरला की ६० ते ७० दिवसांत, ऑगस्टअखेर निघतो. मग कुळवाच्या दोन पाळ्या आणि सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात शाळू. ही फेरपालट आपल्याकडची जुनीच आहे. मुगानं नत्र सोडलेलं असतं, शाळूला युरियाही कमी लागतो.

दुसरं, हमीभाव कागदावरचा धरलात. गेल्या दोन हंगामांत बाजारात सोयाबीन त्याच्या बरंच खाली विकलं. विकताना आडतीचा भाव आणि खाताना किराणा दुकानाचा भाव, या दोन्हींतलं अंतर कोणाच्या खिशात जातं? शिवाय कडबा तुम्ही धरलाच नाही. एकरी १५ क्विंटल धरला आणि जनावर रोज पाच-सहा किलो खातं म्हटलं, तर एका जनावराचे आठ-दहा महिने निघतात. सोयाबीनच्या भुसकटावर म्हैस दुधाला टिकत नाही.

रोकडा हिशेब

कडब्याचं मान्य. मुगाचं नाही. ऐन काढणीत पाऊस लागला की शेंगेतच मोड येतात. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, तेव्हा १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर हे तुमचं वेळापत्रक कुठं बसलं असतं? काळ्या रानात पंधरा-पंधरा दिवस पाय ठेवता येत नव्हता.

बांधावरचा

दोघांच्याही हिशेबात पाखरं नाहीत. शिवारात शंभर एकर शाळू असते तेव्हा पाखरं वाटून खातात, एकरामागं पाच-दहा किलो गेलेलं कळतही नाही. चारी बाजूंनी हरभरा आणि मधे तुमचा एकटा एक एकर, तर सगळ्या शिवाराची पाखरं तिथंच उतरणार. दाणा दुधात आल्यापासून काढणीपर्यंत महिनाभर सकाळ-संध्याकाळ माळ्यावर गोफण घेऊन कोण बसणार? गावात ज्वारी बंद पडली ती भावामुळं जेवढी, तेवढीच यामुळं. शेजाऱ्यानं सोडली की तुम्हालाही सोडावीच लागते. रानडुकरांचं तेच.

म्हणून एकट्यानं करू नका. एकमेकांना लागून असलेल्या सात-आठ जणांनी बांधाला बांध लावून एकाच पट्ट्यात, एकाच आठवड्यात पेरा. सलग पट्टा झाला की राखण वाटून घेता येते आणि मळणी यंत्रवालाही येतो. करडईचंही असंच. हार्वेस्टरनं ती निघते, काट्यांचा त्रास वाचतो, पण २० गुंठ्यांसाठी कोणी मशीन आणत नाही. हातानं काढायची तर भल्या पहाटे, दंवानं काटे मऊ असतात तोवरच. नऊ वाजले की हात घालवत नाही.

चुलीपुढची

सगळं रान मोजून झालं, आता घर मोजू या. पाच माणसांना तीन म्हणजे दिवसाला पंधरा भाकरी. त्या थापणार कोण, ते या चर्चेत एकानंही लिहिलेलं नाही.

ज्वारीचं पीठ गव्हासारखं महिनाभर ठेवता येत नाही. आठ-दहा दिवसांत विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, मग भाकरी थापताना फाटते आणि उकळीच्या पाण्यात पीठ मळत बसावं लागतं. म्हणजे दर आठवड्याला आठ-नऊ किलोचं दळण आलं.

डाळीचं तर विचारूच नका. १३० किलो तूर चाळायची, एकदा भरड काढून साल खरवडायचं, क्विंटलला अर्धा-पाऊण किलो तेल चोळून रात्रभर ढीग लावायचा, दोन-तीन दिवस उन्हात, मग पाण्याचा हबका देऊन पुन्हा रात्रभर झाकायचं, पुन्हा वाळवायचं, तेव्हा कुठं साल सुटतं. वाळवण कमी पडलं तर डाळ फुटायच्या ऐवजी चेपते, कण्या आणि चुणीच जास्त निघते. जात्यावर हे करायचं असेल तर घरच्या बाईचा फाल्गुन त्यातच जाणार.

माझा विरोध घरच्या डाळीला नाही. गावात मिनी डाळमिल असेल तर करा. क्विंटलला ७० किलोच्या आसपास डाळ मिळते आणि चुणी जनावरांना होते. मिल नसेल तर हा "घरचा" स्वस्तपणा फुकटच्या कष्टावर उभा आहे, एवढं कबूल करा.

काळीभोर

ताई, कबूल. माझ्या हिशेबात दळण आणि वाळवण धरायला हवं होतं. डाळमिल जवळ नसेल तर तूर विकून डाळ घ्यावी, हे मी माझ्या यादीतून खोडतो. ज्वारी आणि करडई ठेवतो.

आडतीवरचा

आपल्याच भागातलं, "स्थानिक" खावं म्हणता, पण "स्थानिक" म्हणजे नेमकं काय, हे कोणी ठरवलंय का? लातूर डाळमिलांचं गाव. तिथं भरलेल्या पाकिटात म्यानमारची किंवा मोझांबिकची तूरही असू शकते, देशात ती आयात होतेच. पाकिटावर लातूर छापलं म्हणून डाळ निलंग्याच्या रानातली होत नाही. नेमकी जागा हवी असेल तर बोरसुरीच्या तूरडाळीला आणि जालन्याच्या दगडी ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, ते बघून घ्या.

आणि लांबून आलं म्हणजे डिझेल जास्त जळलं, हेही तपासा. १६ टनांचा ट्रक लिटरला चार किलोमीटर चालला तर ६०० किलोमीटरला १५० लिटर लागतात, म्हणजे किलोमागं साडेनऊ मिली. तुम्ही मोटारसायकलवर २० किलो ज्वारी आणायला जाऊन-येऊन ३० किलोमीटर गेलात तर ६०० मिली पेट्रोल, किलोमागं ३० मिली. अंतराचा मुद्दा बाजूला ठेवा. पिकाला पाणी किती लागतं ते विचारा. ऊसही आपल्या शिवारातलाच आहे, स्थानिकच आहे, आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

बाहेरचं धान्य बंद करा म्हणणाऱ्यांनी ७२ चा दुष्काळ आठवावा. तेव्हा अमेरिकेची लाल मिलो (ज्वारी) आली म्हणून लोक जगले. चव कशी होती ते म्हाताऱ्या माणसांना विचारा, पण पोटात गेली.

काळीभोर

बाहेरचं बंद करा असं मी कुठं म्हटलं? दीड-दोन एकर म्हटलं. पाण्याचं तुमचं बरोबर आहे, माझा मुद्दा तोच आहे. शाळू आणि करडई जमिनीतल्या ओलीवर येतात, करडईचं मूळ तर पुरुषभर खोल जातं.

शहरातली गच्ची

मी छत्रपती संभाजीनगरात राहते. रान नाही, घरामागं एक गुंठा जागा आहे. सांडपाण्यावर वर्षभर भाजी होईल असं सगळीकडं ऐकते. होते का?

बांधावरचा

ताई, गणित करा. गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर. हिवाळ्यात भाजीला रोज ४ मिमी पाणी लागतं असं धरलं तर ४०० लिटर. मे महिन्यात दुपटीवर, ८०० लिटर. पाच माणसांना माणशी ५५ लिटर पाणी येत असेल तर एकूण २७५, त्यातलं वापरून बाहेर पडणारं दीडशे-पावणेदोनशे. म्हणजे हिवाळ्यात ४० चौरस मीटर भिजेल, उन्हाळ्यात २०. वर्षभर गुंठा भिजतो असं सांगणारा चोरून नळाचं पाणी देतोय.

सांडपाणी जमिनीलगतच्या पालेभाजीला, कोथिंबिरीला देऊ नका. ते शेवग्याला, कढीपत्त्याला, मांडवावरच्या दोडक्याला द्या. साबणाचं पाणी एकाच जागी सतत पडलं की माती चोपण (घट्ट, पाणी न मुरणारी) होते, म्हणून जागा बदलत राहा. पालेभाजीला स्वच्छ पाणी, तेही नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मेथी, पालक, शेपू, चुका तेव्हाच घ्या. उन्हाळ्यात तांदुळजा सोडून कशाच्या नादी लागू नका.

शहरातली गच्ची

आणि वर्षाची ज्वारी शेतकऱ्याकडून एकदम घेतली तर सोंडे लागतात. मग किराणा दुकानातूनच महिन्याला पाच किलो आणलेलं काय वाईट?

चुलीपुढची

सोंडे लागतात कारण गरम धान्य भरतात. एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवस वाळवा, दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग रात्रभर सावलीत गार होऊ द्या आणि सकाळी भरा. ऊन ऊन भरलं की कोठीच्या पत्र्याला आतून दव सुटतं, आणि कीड त्या ओलीवरच वाढते. लिंबाचा पाला सावलीत कडकडीत वाळवून घाला. ओला घातलात तर वाचवायच्या ऐवजी बुरशी आणाल. कोठी गच्च भरा, वर हवेला जागा ठेवू नका. जमत असेल तर ५० किलोच्या हवाबंद पिशव्या उत्तम, एक संपल्यावर दुसरी उघडायची.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात कधीच नको. त्यांचा वायू झोपेत माणूस मारतो.

रोकडा हिशेब

ज्वारीबद्दल माझं मत बदललेलं नाही. पाखरांच्या मुद्द्यानं उलट पक्कं झालं. करडईचं मात्र बघतो. हरभऱ्याच्या शेजारी अर्धा एकर बसते, रोही-डुकरं काट्यामुळं शिरत नाहीत. पण ते तेल टिकतं किती? आणि माव्याचं (रस शोषणाऱ्या किडीचं) काय करता?

काळीभोर

घाण्याचं तेल चार-पाच दिवस निवळू द्या, गाळ काढा, अंधाऱ्या जागी डब्यात ठेवा. दोन-तीन महिन्यांत संपवा, नाहीतर खवट होतं. म्हणून सगळी करडई एकदम घाण्यावर नेऊ नका. बी टिकतं, तेल टिकत नाही. तळणाला शेंगदाण्याचं वापरा, न गाळलेलं करडईचं तेल लवकर धुरावतं.

विरळणी पंधरा-वीस दिवसांनी करा, उपटलेल्या रोपांची भाजी होते. मावा आधी बांधाकडच्या ओळींवर दिसतो. चौथ्या आठवड्यापासून कडेची झाडं बघत राहा. शेंड्यावर चिकटलेला दिसला की आधी कडेचाच दोन मीटरचा पट्टा फवारा, ५ टक्के निंबोळी अर्कानं. सगळं रान तेलकट दिसेपर्यंत थांबलात तर मग फवारूनही बोंडं भरत नाहीत.