ऐच्छिक लायब्ररी: 'रक्म' तेवढी ठेवा

इमेजमॅजिक (चित्रं बनवणारं, बदलणारं सॉफ्टवेअर) कोडपासून तयार म्हणजे 'बिल्ड' करताना 'पॅकेज हलकं ठेवा, ऐच्छिक लायब्ररी (नसल्या तरी चालणारे जोड-कोड) सगळ्या काढा' असा सल्ला कुणीतरी दिलाय. निम्मं पटलं. सर्व्हरवरच्या इमेजमॅजिकला एक्स-११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी प्रणाली) कशाला? पण 'रक्म' ही अक्षरं जुळवून मांडणारी लायब्ररी काढू नका. (नाव अरबी, आपली 'रक्कम' त्याच घरची.) ती नसली की देवनागरीची अक्षरजुळणी होत नाही. खानापुरातल्या एका लग्नपत्रिकेत 'चि.'ची वेलांटी 'च'च्या पलीकडे जाऊन बसली, 'श्री'चे तुकडे झाले, खालच्या कन्नड ओळीतली जोडाक्षरंही सुटी. चूक माझीच. बिल्डच्या मशीनवर ती लायब्ररीच नव्हती आणि कॉन्फिगर (बिल्डआधी कुठल्या लायब्ररी आहेत ते तपासणारी स्क्रिप्ट) गुपचूप तिच्याशिवाय पुढे गेलं. आता बिल्ड झालं की व्हर्जन विचारून डेलिगेट्सच्या (जोडलेल्या बाहेरच्या लायब्ररींच्या) यादीत 'रक्म' दिसतंय का, ते आधी बघतो. ओपन-ईएक्सआर (एका चित्र-फॉरमॅटची लायब्ररी) वगैरे कुणी मागितलं तर बघू.