मॅजिक मशरूम: सरसकट बंदी हवी की दारूसारखं लायसन?

रात्रपाळी: जानेवारी २०२५ मध्ये केरळ हायकोर्टाने मॅजिक मशरूमच्या (नशा आणणारी अळंबी) एका जामिनाच्या केसमध्ये म्हटलं की मशरूम ही बुरशी आहे, 'मिश्रण' नाही, त्यामुळे सगळंच वजन ड्रग म्हणून धरू नका, आत सायलोसायबिन, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, किती ते बघा. आता गंमत बघा, त्या माणसाकडे मशरूमच सापडले २२६ ग्रॅम. एनडीपीएस या ड्रग्जविरोधी कायद्यात सायलोसायबिनची कमर्शियल क्वांटिटी, म्हणजे धंद्याचा माल धरतात ते वजन, ५० ग्रॅम, तिथे शिक्षा दहा ते वीस वर्षं. सुक्या मशरूममध्ये ते असतं फार तर एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे दोनेक ग्रॅम झाले! नुसतं वजन मोजायच्या पद्धतीवरून माणसाचं आयुष्य इकडचं तिकडे होणार असेल तर कायद्यातच घोळ आहे. माझं मत सरळ आहे, पंचविशीच्या वरच्यांना दारूसारखं लायसनवर द्या आणि मोकळे व्हा.

मोरपंखी: जामीन मिळालाय हो, निर्दोष नाही सुटला तो. बंदी आहे तशीच आहे. आणि 'दारूसारखं' म्हणजे नक्की कसं? परमिट रूममध्ये आजवर कोणी तुमचं परमिट बघितलंय का? २०१५ ला मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, तेव्हा काय लायसनवाली दुकानं बंद होती? जी सिस्टीम दारूचं धड करू शकली नाही तिच्या हातात अजून एक नशा द्यायची म्हणे.

रात्रपाळी: मालवणीत गेले ते हातभट्टीवाल्याकडे स्वस्त मिळते म्हणून प्यायलेले गरीब लोक. चोरून विकली की भेसळ होणारच, हा तर माझाच मुद्दा झाला की.

कालव्याकाठी: मी अ‍ॅमस्टरडॅमला राहतो म्हणून लिहितोय. इकडे हा प्रयोग होऊन गेलाय, स्मार्टशॉपमध्ये, म्हणजे असल्या नशेच्या वस्तूंच्या दुकानात, ताजे मशरूम उघड मिळायचे. २००७ मध्ये १७ वर्षांची एक फ्रेंच मुलगी मशरूम खाऊन पुलावरून उडी मारून गेली, पेपरांनी रान उठवलं आणि १ डिसेंबर २००८ पासून बंदी आली. पण बंदी आली मशरूमवर! त्याच बुरशीच्या जमिनीखालच्या गाठी, ज्याला ट्रफल म्हणतात, त्या आजही त्याच दुकानात मिळतात, द्रव्य तेच. असल्या बंदीला काय अर्थ आहे सांगा.

मोरपंखी: अर्थ असा की बंदी अर्धवट होती. पूर्ण करा.

साधा_डॉक्टर: दोन्हीकडचे लोक दारूशी तुलना करताय तिथेच गडबड होतेय. ब्रिटिश संशोधक डेव्हिड नट वगैरेंनी २०१० ला लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये वीस नशांची नुकसानीवरून क्रमवारी लावली होती, त्यात दारू ७२ गुण घेऊन सगळ्यात वर आणि मशरूम ६ वर तळाला. समर्थक हे फार नाचवतात. पण त्यात समाजाचं नुकसानही धरलंय आणि दारू पिणारे कितीतरी जास्त, एवढं लक्षात ठेवा. दुसरं म्हणजे दारूत एका पेगवर थांबता येतं, हे एकदा पोटात गेलं की चार-सहा तास सुट्टी नाही. घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल तर त्याने लांबच राहावं. म्हणून बाटली विकत घेऊन घरी न्यायचं मॉडेल इथे चालणारच नाही. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात २०२० च्या मतदानानंतर जे केलंय ते मला पटतं, वय २१ च्या पुढे, लायसनवालं केंद्र, ट्रेनिंग घेतलेला माणूस सोबत, तिथेच घ्यायचं आणि उतरेपर्यंत तिथेच बसायचं.

नंदू_डोंबिवली: आणि बिल? त्या एका बैठकीला हजार डॉलरच्या वर जातात असं वाचलंय. म्हणजे साहेब लोकांची थेरपी आणि आमच्या पोरांना एनडीपीएस, छान आहे!

साधा_डॉक्टर: नंदूभाऊ, हा मुद्दा मान्य. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून ठरावीक सायकियाट्रिस्टना औषधांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनसाठी सायलोसायबिन द्यायची परवानगी आहे, तिथेही खर्चाचं रडगाणं आहेच.

मोरपंखी: औषध म्हणून द्या की, त्याला कोण नाही म्हणतंय. माझा विरोध कोडाईकनालला टूरिस्ट पोरांना कागदात गुंडाळून विकतात त्याला आहे. पावसाळ्यात आपल्याकडे जाणती माणसंसुद्धा अळंबी दहादा बघून घेतात, आणि ही पोरं कोणीतरी हातावर ठेवलेली कुत्र्याची छत्री खाणार.

रात्रपाळी: अहो पण मग लेबल लावून, तपासून विकलेली बरी नाही का??

मोरपंखी: तपासणार कोण, परमिट रूमवालाच ना?