मदत हवी आहे : जंबो झिंग्याच्या अळ्यांमधले जीवाणू कोठून येतात, हे कमी खर्चात कसे तपासावे?

नमस्कार मंडळी,

मी नागपुरात सूक्ष्मजीवशास्त्रात संशोधन करते आणि सध्या शहराबाहेरच्या एका लहान झिंगा बीज केंद्रासोबत काम करते आहे. भंडारा-गोंदियाकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांच्या संस्थांना जंबो झिंग्याचे, म्हणजे मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गीचे, बीज जवळपास मिळावे यासाठी या केंद्राची धडपड आहे. मला ती फार मोलाची वाटते, म्हणून प्रश्न सविस्तर मांडते.

हा झिंगा मोठा झाल्यावर बहुतेक काळ गोड्या पाण्यात राहतो, पण त्याच्या अळ्यांना निमखारे पाणी लागते. मलेशियात शाओ-वेन लिंग यांनी 1960च्या दशकाच्या सुरुवातीला हे दाखवून दिले आणि तेव्हापासूनच त्याचे बीज टाकीत तयार करणे शक्य झाले. आम्हीही अळ्या सुमारे 12 पीपीटी (हजार भागांत 12 भाग क्षार) क्षारतेच्या आणि 28 ते 31 अंश तापमानाच्या पाण्यात वाढवतो. अकरा अवस्था पार करून त्या साधारण महिनाभरात पोस्ट लार्व्हा, म्हणजे झिंग्याची इवली पिल्ले, होतात, आणि मग त्यांना हळूहळू पुन्हा गोड्या पाण्यावर आणावे लागते. नागपूरपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर असल्याने आम्ही क्षार विरघळवून हे पाणी तयार करतो, त्याला क्लोरीन देतो, सोडियम थायोसल्फेटने उरलेले क्लोरीन काढतो आणि लगेच त्यात अळ्या सोडतो.

अडचण अशी आहे की पाचव्या-सहाव्या अवस्थेपर्यंत अळ्या उत्तम वाढतात, आणि त्यानंतर काही टाक्यांत त्यांचे खाणे मंदावते, अंगावर निळसर करडी झाक येते, त्या गोल गोल फिरू लागतात आणि मरतात. मादी एकच, आर्टेमिया (अळ्यांना खाऊ घालायचा खाऱ्या पाण्यातला सूक्ष्म जीव) एकाच डब्यातला, पाण्याचे तापमान सारखे, आणि तरीही शेजारशेजारच्या दोन टाक्यांपैकी एक टिकते व दुसरी रिकामी होते. केवळ रोगकारक जीवाणू आत शिरला एवढ्यावरून मला याचा उलगडा होत नाही. माझा अंदाज असा आहे की निर्जंतुक केलेल्या पाण्यात सर्वांत आधी कोणते जीवाणू जम बसवतात यावर टाकीचे पुढचे भवितव्य ठरत असावे. क्लोरीनने सगळे मारले तरी हवेतून, हातांतून, अन्नातून आणि अळ्यांच्या अंगावरून नवे जीवाणू येतातच, आणि नांगरून मोकळ्या सोडलेल्या वावरात आधी तण माजते तसे इथेही झपाट्याने वाढणारे आधी पसरतात. व्हिब्रिओ त्यांपैकीच एक असून त्याला सोडियम लागत असल्याने आमचे 12 पीपीटीचे पाणी त्याच्या सोयीचे आहे.

मला विचारायचे आहे ते असे. अंडी, पाणी आणि आर्टेमिया या तीन वाटांपैकी अळीच्या शरीरात प्रत्यक्ष स्थिरावणारे जीवाणू कोणत्या वाटेने येतात, हे वेगळे काढायचे असेल तर प्रयोगाची मांडणी कशी करावी? सगळ्या नमुन्यांचे जनुकीय अनुक्रमण परवडणार नाही. शिवाय केंद्रचालकांना कोणी प्रतिजैविक वापरण्याचा सल्ला दिला आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान यांवर मत्स्यशेतीत बंदी आहे, हे मी त्यांना सांगितले आहेच; पण बंदी नसलेले औषधही जीवाणूंची घडी पुन्हा विस्कटून टाकील, अशी मला काळजी वाटते. यावर जाणकारांनी कृपया मत द्यावे.

प्रतिसाद १

ताई, तुमचा अंदाज मला बराचसा पटतो. मी कोकणात बीज केंद्रावर काम केले आहे, म्हणून आधी एक खबरदारी सांगतो. जीवाणूंकडे वळण्यापूर्वी विषाणूची शक्यता तपासून घ्या. पोस्ट लार्व्हांच्या शेपटीचे स्नायू दुधासारखे पांढरे पडत असतील तर तो शेपटी पांढरी पडण्याचा रोग असू शकतो. तो एमआरएनव्ही या विषाणूमुळे होतो आणि त्यासाठी आरटी-पीसीआर चाचणीच करावी लागते. तुम्ही वर्णन केलेली लक्षणे मात्र मधल्या अवस्थांतल्या मरतुकीशी अधिक जुळतात.

आर्टेमियाकडे सर्वांत आधी लक्ष द्या, असा माझा आग्रह आहे. तुमचे पाणी समुद्रातून आलेले नाही, त्यामुळे व्हिब्रिओ आत येण्याची सर्वांत रुंद वाट तीच असणार. आर्टेमियाची अंडी फुटताना त्यांतून ग्लिसरॉल बाहेर पडते, ते जीवाणूंचे आयते खाद्य ठरते, आणि चोवीस तासांत त्या भांड्यात जीवाणूंची प्रचंड वाढ झालेली असते. हे पाणी पिल्लांसोबत टाकीत जाता कामा नये. अंड्यांचे कवच हायपोक्लोराइटने काढून मगच ती उबवावीत, आणि निघालेली पिल्ले बारीक जाळीत घेऊन स्वच्छ पाण्याने नीट धुवावीत. एवढी काळजी वेळेच्या घाईत हमखास टाळली जाते.

मादीच्या बाबतीत घाई करू नका. ती पोटाखालची अंडी पायांनी सतत साफ करते व हलवत राहते, आणि अंड्यांवरचे सगळेच जीवाणू वैरी नसतात. पॅलीमॉन जातीच्या एका कोळंबीच्या अंड्यांवर राहणारा जीवाणू आयसॅटिन नावाचे द्रव्य तयार करतो आणि त्यामुळे अंडी बुरशीपासून वाचतात, हे 1989 मध्ये अमेरिकेत दाखवले गेले. आपल्या जंबो झिंग्यातही असेच घडते असा दावा मी करणार नाही, पण नारिंगी अंडी करडी होऊन फुटायला आली असताना मादीला जंतुनाशकात बुचकळण्याआधी याचा विचार जरूर व्हावा.

प्रतिसाद २

मांडणीबद्दल लिहितो. एकाच मादीच्या अळ्या चार गटांत वाटा. दोन गटांना नुकतेच क्लोरीन दिलेले व काढलेले पाणी द्या आणि दोन गटांना जैविक गाळणीतून (जिच्यातले जीवाणू पाण्यातला अमोनिया मोडतात) काही दिवस फिरवून मुरवलेले पाणी द्या. या दोन्ही प्रकारांत एका गटाला कवच काढलेला आर्टेमिया आणि दुसऱ्याला नेहमीचा. प्रत्येक गटासाठी किमान तीन स्वतंत्र टाक्या हव्यात, म्हणजे बारा टाक्या झाल्या. तुलनेचे एकक टाकी आहे; एका टाकीतल्या पन्नास अळ्या वेगवेगळ्या तपासल्या तरी तो एकच नमुना धरावा लागतो. हेच सगळे दुसऱ्या आणि तिसऱ्या मादीवर पुन्हा करा, तरच अंड्यांकडून आलेला वाटा दिसू लागेल. उबवलेल्या अळ्या पहिल्या दिवशी खात नाहीत, त्यामुळे आर्टेमिया देण्यापूर्वी घेतलेला नमुना फार महत्त्वाचा आहे. त्यात सापडणारे जीवाणू अन्नातून आलेले नसतात.

पाणी मुरवण्याचा विचार नवा नाही. नॉर्वेतील संशोधकांनी 1990च्या दशकात समुद्री माशांच्या अळ्यांसाठी तो मांडला. संथ वाढणाऱ्या जीवाणूंनी पाणी आधीच व्यापलेले असले की संधिसाधूंना मोकळी जागा मिळत नाही. हे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. जीवाणू वाढवण्याच्या साध्या आगर थाळीवर पहिल्या दोन दिवसांत दिसणाऱ्या वसाहती मोजा, थाळ्या आठवडाभर ठेवा आणि पुन्हा मोजा. लवकर दिसलेल्या वसाहतींचे एकूण वसाहतींशी प्रमाण जास्त असेल, तर त्या टाकीत झपाट्याने वाढणाऱ्यांचे राज्य आहे. सोबत टीसीबीएस आगरवर, म्हणजे मुख्यतः व्हिब्रिओच वाढू देणाऱ्या माध्यमावर, व्हिब्रिओ मोजत राहा.

अनुक्रमणासाठी थोडेच नमुने निवडा, पण प्रत्येक तुकडीत अळी नसलेला कोरा नमुना अवश्य ठेवा. अळीचे वजन इतके कमी असते की रसायनांतल्या जीवाणूंचा डीएनएसुद्धा निकालात डोकावतो. कात टाकण्याची वेळही नोंदवा. झिंग्याच्या अन्नमार्गाच्या पुढच्या आणि मागच्या भागाला कवचाचे अस्तर असते आणि प्रत्येक वेळी कात टाकताना तेही निघून जाते. मधल्या भागाला हे अस्तर नसते. त्यामुळे कात टाकल्याबरोबर घेतलेली अळी आणि दोन दिवसांनी घेतलेली अळी यांची थेट तुलना दिशाभूल करील.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. कात टाकण्याचा मुद्दा माझ्या आराखड्यात नव्हता. आता प्रत्येक नमुन्याबरोबर अवस्था आणि कात टाकल्यानंतरचा अंदाजे काळ लिहीन. केंद्रचालकांशी बोलणे झाले असून आर्टेमिया धुण्याची पद्धत लगेच बदलण्यास ते तयार आहेत आणि औषधाचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.

एक शंका उरते. मुरवलेले पाणी 12 पीपीटीला तयार केले, तर शेवटी पोस्ट लार्व्हा गोड्या पाण्यावर आणताना तो जीवाणूसमूह टिकणार नाही; व्हिब्रिओ मागे पडतील, पण एरोमोनास या गोड्या पाण्यातल्या संधिसाधू जीवाणूंना वाव मिळेल. म्हणून गोड्या पाण्याची वेगळी जैविक गाळणी आधीपासून चालवून ठेवावी की क्षारता इतक्या सावकाश उतरवावी की त्याच गाळणीतले जीवाणू जुळवून घेतील? नागपूरच्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी आवाक्यात ठेवणेच कठीण जाते, त्यामुळे दोन गाळण्या चालवण्याचा खर्च करण्यापूर्वी ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांचा अनुभव वाचायला मिळाला तर फार मदत होईल.

प्रतिसाद २

दुसरी गाळणी मोठी असण्याची गरज नाही. अळ्या आठव्या-नवव्या अवस्थेत असतानाच गोड्या पाण्याची लहान गाळणी सुरू करा, तिच्यातल्या जीवाणूंना खाद्य म्हणून अमोनियम क्लोराइडची अल्प मात्रा देत राहा, आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आल्यावरच ती पोस्ट लार्व्हांच्या टाकीला जोडा. नायट्राइट उतरायला अमोनियापेक्षा जास्त दिवस लागतात, तेवढा वेळ हाताशी ठेवा.