युद्धात परिचारिका असलेल्या आईवर स्मरणलेख कसा लिहावा?

प्रश्न
माझी आई गेल्या महिन्यात, वयाच्या एकशेएकाव्या वर्षी गेली. दुसऱ्या महायुद्धात ती लष्करी रुग्णालयात परिचारिका होती आणि १९४४ साली दिमापूरला होती, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. पुढे लग्न झाले, आम्ही चार भावंडे झालो आणि तिने तो विषय कधी काढला नाही. तिच्या पेटीत एक सहा टोकांचा धातूचा तारा, विटलेली फीत आणि गणवेशातील एक छायाचित्र सापडले. एवढ्यावर तिच्या त्या वर्षांविषयी काय लिहिता येईल?

प्रतिसाद १
फितीच्या मध्ये लाल पट्टा, दोन्ही बाजूंना गडद निळा आणि त्या निळ्यातून नारिंगी रेघ असेल, तर तो बर्मा स्टार होय. ११ डिसेंबर १९४१ ते २ सप्टेंबर १९४५ या काळातील ब्रह्मदेश मोहिमेतील सेवेसाठी तो दिला जाई. छायाचित्रात खांद्यावर हुद्द्याची चिन्हे आहेत का, हेही भिंगाखाली पाहा. १९४३ च्या अध्यादेशाने लष्करी परिचारिकांना अधिकाऱ्यांचा दर्जा मिळाला होता.

प्रतिसाद २
पदकाची माहिती उपयोगी आहेच, पण लेख त्या माहितीवरच संपू नये असे मला वाटते. नागा टेकड्यांच्या पायथ्याचे दिमापूर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर जवळच्या कोहिमाच्या लढाईतले जखमी येतात. प्रत्यक्षात त्या आघाडीवर खरा शत्रू मलेरिया, आमांश आणि टायफस हा होता. त्या आघाडीवरचे ब्रिटिश सेनापती जनरल स्लिम यांनी नोंदवले आहे की १९४३ साली एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे आणावे लागत. मलेरिया रोखणाऱ्या मेपाक्रिनच्या गोळ्या रोज घेऊन सैनिकांची कातडी पिवळी पडे, आणि तरीही ताप येतच असे. तुमच्या आईंच्या हाती बँडेजपेक्षा थर्मामीटरच अधिक वेळ असणार. तेव्हा घरात त्यांचे आजारपणाकडे पाहणे कसे होते, ते आठवून पाहा.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचे आभार. फीत तीच आहे. खांद्यावरचे मात्र नीट दिसत नाही. दुसरा प्रतिसाद वाचून पेटीतली एक वही पुन्हा उघडली, जी मी हिशेबाची समजून बाजूला ठेवली होती. १९६१ साली मला विषमज्वर झाला, त्याच्या नोंदी तीत आहेत: एकवीस दिवस, दर चार तासांनी ताप, नाडी आणि पोटात काय गेले ते, तक्ता आखून. तेव्हा धाकटा भाऊ तान्हा होता. रात्री दोनच्या नोंदीचे अक्षरही सकाळी दहाच्या नोंदीइतकेच सरळ आहे. लेखाची सुरुवात मी या वहीपासून करतो आहे.